तंत्रशंका : आकडा बरोबर, स्वल्पविराम चुकला

(या पानावरचे सगळे अंक देवनागरीत छापले आहेत. जिथे अंकांच्या लिपीमुळे फरक पडतो, तिथे तसे म्हटले आहे.)

प्रश्न : आमच्या बिलिंग अ‍ॅपमध्ये मराठी निवडली की रकमा देवनागरी अंकांत येतात, हिंदी निवडली की इंग्रजी अंकांत. कोड एकच आहे. हा बग म्हणून नोंदवायचा का?

उत्तर : नाही. बहुतेक प्रणाली ही माहिती युनिकोड कन्सोर्शियमच्या सीएलडीआर या साठ्यातून घेतात. त्यात मराठी आणि नेपाळीसाठी देवनागरी अंक हे मूळ ठरवलेले आहेत, हिंदी आणि गुजरातीसाठी इंग्रजी अंक, बंगाली आणि असमियासाठी बंगाली अंक. ग्राहकाला मजकूर मराठी पण अंक इंग्रजी हवे असतील, तर लोकेलच्या (भाषा आणि प्रदेश यांच्या निवडीच्या) कोडला ‘-यू-एनयू-लॅटन’ हे शेपूट जोडा. लाख-कोटींचे स्वल्पविराम तसेच राहतात, फक्त अंक बदलतात. कोणते अंक हवेत हे टेस्ट लिहिण्याआधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर बरोबर काय याच्यावरच वाद होत राहील.

प्रश्न : आमच्या सगळ्या टेस्ट १२,३४५.६७ या रकमेवर चालतात आणि पास होतात. तरी ग्राहकाच्या पावतीवर दहा लाख रुपये १,०००,००० असे छापले गेले. कुठे चुकले?

उत्तर : रकमेच्या निवडीत. ९९,९९९पर्यंत भारतीय आणि पाश्चात्त्य मांडणी हुबेहूब सारखी असते. पहिला फरक १,००,०००वर दिसतो. तुमची टेस्ट तिथपर्यंत पोचतच नाही. पावती जावाच्या सर्व्हरवर तयार होत असेल, तर कारणही बहुधा हेच : आकडे मांडणाऱ्या जावाच्या मूळ डेसिमलफॉरमॅटला एकाच आकाराचे गट कळतात. आधी तीनचा, मग दोन-दोनचे, हे त्याला जमत नाही. ‘#,##,##०’ असा पॅटर्न दिला तरी शेवटचा गट बघून तो सगळीकडे तीनच धरतो आणि तक्रारही करत नाही. आयसीयूफोरजे ही लायब्ररी वापरली की १०,००,००० मिळतात.

रकमा निवडताना प्रत्येकीला काहीतरी काम द्या. ९९,९९९ आणि १,००,००० ही जोडी गटांसाठी; ९९,९९,९९९ आणि १,००,००,००० कोटीच्या उंबरठ्यासाठी. शून्य आणि ऋण रक्कम हवीच, कारण स्वीडिशमध्ये उणे चिन्ह कीबोर्डवरचे नसते, युनिकोडचे वेगळे चिन्ह असते. १२३४ ही संख्या स्पॅनिशसाठी ठेवा : तिथे चार अंकी संख्येत विभाजक येत नाही, १२.३४५पासून येतो. आणि २.५ विसरू नका. दशांश स्थळे शून्य ठेवली, तर जावास्क्रिप्टचे इंटल.नंबरफॉरमॅट ३ दाखवते आणि जावाचे नंबरफॉरमॅट २, कारण जावा अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेते. स्क्रीनवर एक रक्कम आणि पीडीएफवर दुसरी, ही तक्रार इथून येते. राउंडिंगची पद्धत दोन्हीकडे कोडमध्ये स्पष्ट लिहा.

अपेक्षित उत्तर त्याच फॉरमॅटरकडून काढून घेऊ नका. अशी टेस्ट कधीच फेल होणार नाही. मोजक्या लोकेलची उत्तरे त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून फाइलीत ठेवा. मात्र हाताने टाइप केलेली उत्तरे दुसऱ्या बाजूने फसवतात : फ्रेंचमधला हजारांचा विभाजक ही साधी स्पेस नाही, अरुंद आणि न तुटणारी स्पेस आहे (युनिकोड २०२एफ). जर्मनमध्ये रक्कम आणि युरोचिन्ह यांच्यामध्येही न तुटणारी स्पेस (००ए०) असते. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्या, तरी टेस्ट लाल. अशा वेळी सगळ्या स्पेस एकसारख्या करून टाकायचा मोह होतो. तसे करू नये, कारण रक्कम ओळीच्या शेवटी तुटू नये यासाठीच ती स्पेस आहे. अपेक्षित उत्तरात तेच चिन्ह त्याच्या क्रमांकाने लिहा. सीएलडीआरच्या नव्या आवृत्तीत अशी चिन्हे बदलतात, म्हणून बिल्डमध्ये आयसीयूची (सीएलडीआरची माहिती वापरणाऱ्या लायब्ररीची) आवृत्ती पक्की ठेवा. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) १३च्या आधीचा असेल तर आधी तोच बदला : त्याच्या नेहमीच्या बिल्डमध्ये फक्त इंग्रजीची माहिती असे.

प्रश्न : फोनची भाषा मराठी असली तरच आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपवरून ऑर्डर जात नाही. हिंदीत जाते.

उत्तर : स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकेल न देता हाक मारली की ते फोनची भाषा धरते, आणि मराठीत ‘%डी’मधून देवनागरी अंक बाहेर पडतात. तीच ओळ सर्व्हरच्या पत्त्यात किंवा जेसनमध्ये (सर्व्हरला पाठवायच्या माहितीच्या मजकुरात) गेली की पुढचे सर्व्हरच्या भाषेवर ठरते. पायथन देवनागरी अंक वाचते. जावास्क्रिप्टचे नंबर ‘नॅन’ (ही संख्या नाही) देते. जावात इंटिजर.पार्सइंट ते वाचते, पण डबल.पार्सडबल एरर देते. त्यामुळे नगांची संख्या पोचते आणि किंमत अडकते, आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. हिंदीत का चालते, ते पहिल्या प्रश्नात आलेच.

यंत्राने वाचायच्या प्रत्येक आकड्याला लोकेल.रूट (कोणत्याही भाषेचे नसलेले लोकेल) द्या, फोनची भाषा फक्त माणसाने वाचायच्या आकड्यांना. कोड तपासणाऱ्या अँड्रॉइड लिंटमधली ‘डिफॉल्टलोकेल’ ही सूचना एररवर चढवा, म्हणजे बिल्डच थांबेल. तपासताना फोन मराठीत ठेवून ऑर्डर करा आणि बाहेर जाणारी रिक्वेस्ट प्रॉक्सीत उघडून पाहा. मग हेच जर्मनमध्ये करा. तिथे अंक इंग्रजीच असतात, पण ‘%.२एफ’मधून दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम येतो. हे दोन वेगळे बग आहेत, एका भाषेने दोन्ही सापडत नाहीत. फाइलींची नावे आणि एसक्यूएल क्वेरीही याच नजरेने बघा.

प्रश्न : वापरणाऱ्याने टाइप केलेली रक्कम वाचताना काय तपासावे?

उत्तर : अर्धवट वाचन. जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला इंग्रजी अंकांत १,२३,४५६ दिले तर ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून फक्त १ परत देते, एरर नाही. जावाचे नंबरफॉरमॅट.पार्सही ‘१२अबक’ मधले १२ घेऊन गप्प बसते. पार्सपोझिशन देऊन ओळ शेवटपर्यंत वाचली गेली का, हे तपासा. आणि ‘१.२३४’ दोनदा टाका, एकदा भारतीय इंग्रजी लोकेलमध्ये, एकदा जर्मनमध्ये : दुसऱ्या वेळी १२३४ साठवले गेले पाहिजेत.