एकाच वेळी तीन-चार विज्ञान-कादंबऱ्या आणि फँटसी वाचताना गोंधळ कसा टाळावा?

दोन फँटसी मालिका आणि दोन विज्ञान-कादंबऱ्या एकदम सुरू केल्यात, पात्रं एकमेकांत मिसळतात, तर एकच धरून बसू का, असं तुम्ही विचारलंय. एकच धरायची गरज नाही. मी कित्येक वर्षं तीन पुस्तकं सोबत वाचते. पण कुठली तीन, यावर सगळं आहे.

माझी पहिली जोडी चुकली होती. साताऱ्यात घरी 'ड्यून' (1965) ही विज्ञान-कादंबरी चालू होती आणि कराडला नोकरीवर जाताना एसटीत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही फँटसी. दोन्ही जाडजूड, दोन्हींचा भूगोल आणि भाषा स्वतंत्र, आणि दोन्हीकडे एकाच माणसाला नावं अनेक. 'ड्यून'चा नायक पॉल, त्याला वाळवंटातले लोक उसूल म्हणतात, मुआदिबही म्हणतात. इकडे 'रिंग्ज'मध्ये खाणावळीत स्ट्रायडर म्हणून भेटलेला माणूस पुढे अॅरागॉर्न निघतो. शिवाय सॉरॉन वेगळा आणि सारुमान वेगळा! वाटेत नागठाण्याला उघडलेलं पान पुढची अतीत, काशीळ ही गावं गेली तरी तेच, 'हा कोण?' म्हणून मी मागची पानं चाळत होते. तेव्हा लक्षात आलं, की गोष्टी मिसळत नाहीत. 'ड्यून'मधला वाळूतला अजस्र किडा आणि 'रिंग्ज'मधली अंगठी यांची गल्लत कोण करेल? मिसळतात ती नावं.

म्हणून संपूर्ण नवं जग असलेलं पुस्तक एका वेळी एकच. सोबतची दोन आपल्याच जगातली हवीत. जयंत नारळीकरांच्या कथा यासाठी फार उपयोगी. माणसं ओळखीच्या नावांची, त्यामुळे सगळं लक्ष त्यातल्या विज्ञानाच्या कल्पनेकडे देता येतं. 'यक्षांची देणगी' तर कथासंग्रहच. एका प्रवासात एक कथा घ्यायची, मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

पुस्तकाला जागाही ठरवून द्या. माझं जाड पुस्तक रात्री जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावरच उघडतं, एसटीत फक्त पातळ. खिडकीशी बसलं की कालची गोष्ट आपोआप आठवते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

आणि चिठ्ठी. 'ड्यून'च्या शेवटी शब्दसूची आहे, 'रिंग्ज'च्या परिशिष्टांत वंशावळी आहेत, पण त्या चाळताना पुढचं काहीबाही कळून जातं. मी पाठकोऱ्या कागदाचा तुकडा पानात ठेवते आणि थांबताना तीन ओळी लिहिते: कोण कुठे आहे, आत्ता काय कळलं, मला कसला संशय येतोय. एक चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे: 'पॉल आणि आई जेसिका वाळवंटात. पाणी जपून. जेसिकाला काहीतरी कळलंय, बोलत नाही.' तिसरी ओळ चुकवू नका. नावं सूचीत सापडतील, आपला संशय कुठेच सापडत नाही, आणि पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं ते त्या संशयामुळेच.

आठ-दहा दिवस खंड पडला तर एक प्रकरण मागे जाऊन सुरुवात करा.

तुमच्या दोन मालिकांपैकी जी जास्त वाचून झालीय ती पुढे न्या, दुसरी सरळ कपाटात ठेवा, पावसाळ्यापर्यंत. आमच्याकडे जुलैत झड लागली की संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही. माझे जाड खंड त्याच दिवसांत संपतात.