ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन राहायला आलोय, मॉल सोडून कमी पैशात सहकुटुंब कुठे फिरायचं आणि काय खायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन लहान मुलं आहेत, सोबत सासूबाई आहेत, आणि रविवारी मॉलमध्ये गेलं की गेम झोन, फूड कोर्ट, पार्किंग सगळं धरून दीड-दोन हजार कुठे जातात कळत नाही. अगदी बरोबर आहे, आणि वाईट याचं वाटतं की घोडबंदरला नवीन आलेल्या बऱ्याच लोकांना ठाणे म्हणजे टॉवर, ट्रॅफिक आणि मॉल एवढंच दिसतं. मी नौपाड्यात वाढलेली, लग्नानंतरही ठाण्यातच राहिले, त्यामुळे मनापासून सांगते, एक काम करा, सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर स्टेशनकडे जाणारी टीएमटी (ठाणे महापालिकेची बस) पकडा आणि जुन्या ठाण्यात पायी फिरा. गाडी नको, पार्किंग मिळत नाही आणि घोडबंदरचं ट्रॅफिक दहानंतर काय असतं ते तुम्ही बघितलंच असेल. सकाळी साडेसात-आठला निघालात तर बाराच्या आत घरी परत, मुलं पण वैतागत नाहीत.

स्टेशनला उतरलात की मुलांना आधी सांगा की देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघाली ती इथेच आली होती, 34 किलोमीटर, 14 डबे. माझ्या मुलाला हे लहानपणी सांगितलं तेव्हापासून तो प्रत्येक पाहुण्याला ते सांगायचा.

मग नाश्ता. मामलेदार मिसळ. तहसील कचेरीच्या कँटीनमधून सुरू झालेली म्हणून मामलेदार, आता ठाण्यात अजून ठिकाणी पण शाखा आहेत पण पहिल्यांदा जाताय तर कचेरीजवळच्या मूळ जागीच जा. कमी तिखट, मध्यम आणि तिखट असे प्रकार मिळतात, आणि इथे माझं ऐका, पहिल्या वेळी मध्यमच घ्या, कोल्हापूरची माणसं पण तिखट घेऊन पाणी मागताना मी बघितली आहेत. रस्सा पातळ असतो, दाट वाटणाचा नाही, वरून तर्रीचा लाल तवंग, त्यात फरसाण टाकलं की पहिले दोन मिनिटं कुरकुरीत आणि नंतर मऊ, म्हणून फोटो काढत बसू नका, आली की खायला लागा. फरसाण थोडं भिजलं थोडं कोरडं असताना पाव बुडवून जो घास लागतो तोच खरा. मुलांना कमी तिखट मागवा, सोबत दही किंवा ताक असेल तर घ्या. टेबल शेअर करावं लागतं, गर्दीत कोणी अनोळखी माणूस समोर येऊन बसेल, त्यात काही नाही, तशीच पद्धत आहे. तुम्हा सगळ्यांचं मिळून तीन-चारशेत आरामात होईल, दर थोडे इकडेतिकडे झाले असतील पण मॉलमधल्या एका पिझ्झाच्या पैशात पाच जणांचं पोट भरतं हे नक्की.

तिथून चालत जांभळी नाका. सकाळचा बाजार बघण्यासारखा असतो, भाजी, फुलं, मसाले, पूजेचं सामान, सासूबाईंना तर इथेच तासभर लागेल बघा :) पाऊस सुरू झाल्यावर आलात तर रानभाज्या शोधा, येऊरच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बायका घेऊन बसतात, शेवळं, टाकळा, कंटोली, कुर्डू, आणि उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पानाच्या द्रोणात. शेवळं घेतलीत तर सोबत काकड (त्याला बोंडगं पण म्हणतात) मागून घ्या, विकणारी बाई स्वतःच देते बहुतेक, त्याशिवाय केलीत तर घशाला खाज सुटते. त्यांच्याशी घासाघीस करू नका प्लीज, पहाटे डोंगरातून तोडून आणलेलं असतं.

बाजाराला लागूनच कोपिनेश्वर मंदिर. मूळ शिलाहार राजांच्या काळातलं, नंतर मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतल्यावर पुन्हा बांधलं. शंकराची पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा थबकतोच. गुढीपाडव्याची ठाण्याची स्वागतयात्रा या मंदिराच्या न्यासातर्फे निघते, ती एकदा तरी मुलांना दाखवाच, नऊवारीत बुलेट चालवणाऱ्या मुली, ढोलताशे, लेझीम, आणि याला एक रुपया लागत नाही.

आणि मंदिराच्या समोर तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात त्यातला हा सगळ्यांच्या आवडीचा. सकाळी शांत असतो, चालणारे आजीआजोबा असतात, संध्याकाळी मात्र एकदम जत्रा, बोटिंग, भेळ, कणीस, फुगेवाले, बसायला कट्टा. सासूबाईंना कट्ट्यावर बसवून तुम्ही मुलांना बोटीत फिरवून आणू शकता, सगळं डोळ्यासमोरच राहतं त्यामुळे काळजी नाही. काठावरच पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. आणि थोडं पुढे टेंभी नाक्याला ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, शार हाशमाइम नावाचं, 1879 सालचं. बेने इस्रायल लोकांचं, जे घरात मराठी बोलायचे, चिंचेचं आणि नारळाचं जेवण करायचे. ठाण्यात त्यांची संख्या एकेकाळी बरीच होती, पुष्कळ जण इस्रायलला गेले, थोडे अजून आहेत. आत असंच जाता येत नाही, आधी विचारावं लागतं, पण बाहेरून बघितलं तरी मुलांना कळतं की देऊळ, चर्च आणि सिनेगॉग एवढ्याशा अंतरात आहेत. हे मला ठाण्याचं सगळ्यात जास्त आवडतं, आणि कुठल्याच फिरायच्या यादीत हे कोणी लिहीत नाही.

तलावपाळीलाच गडकरी रंगायतन आहे, 1978 पासूनचं. नाटक स्वस्त राहिलं नाही हे खरं आहे पण बाल्कनीचं तिकीट खालच्यापेक्षा कमी असतं, आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यं लागतात ती मुलांना जरूर दाखवा. तुमच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह पण आहे, ते जवळ पडेल. वाचनाची आवड असेल तर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय, 1893 सालचं, फक्त मराठी पुस्तकांचं, तिथे सासूबाईंचं नाव नोंदवा. वर्गणी परवडण्यासारखी असते आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना बाहेर पडायला एक कारण होतं, माझ्या आईचं तसंच झालं होतं, पुस्तक बदलायला म्हणून जायची आणि दोन मैत्रिणी करून आली.

आता संध्याकाळचं खाणं. वडापावचे ठाण्यात दोन पंथ आहेत आणि दोन्ही खाऊन बघा. एक कुंजविहार, स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की समोरच, तिथला वडा मोठा, जंबोच म्हणतात, एकात एका माणसाचं काम होतं, आणि वर मोठा ग्लास लस्सी. दुसरा गजानन, नौपाड्यात विष्णुनगरला, इथे वडा नेहमीएवढाच पण सोबत मिळते ती बेसनाची पिवळी चटणी, पातळ, थोडी आंबटतिखट, हिरवी नाही, सुकी लसणाची नाही, पूर्ण वेगळी. वडा त्यात बुडवून खायचा, नुसता लावून नाही. मी गजाननवाली आहे, लहानपणापासून, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. घाणा ताजा उतरेपर्यंत थांबा, पाच मिनिटं लागतात पण गरम वडा आणि गार वडा यात फार फरक पडतो.

चाट खायचं तर पाचपाखाडीचं प्रशांत कॉर्नर, पाणीपुरी, शेवपुरी आणि मिठाई पण, स्वच्छ असतं म्हणून लहान मुलांना घेऊन जायला बरं. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा महाग आहे, पण पावसाळ्यात मी मुलांना बाहेरचं पाणी देत नाही, तेव्हा इथेच जाते. जवळच कचराळी तलाव आहे, नावावर जाऊ नका, महापालिकेच्या मुख्यालयाजवळचा छान चालायचा तलाव आहे, आधी तिथे दोन फेऱ्या मारा मग चाट खा.

नीट बसून मराठी जेवायचं असेल तर घंटाळीचं मेतकूट. हे स्वस्तात मोडत नाही, वेटिंग पण असतं, पण वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस अशा दिवशी हॉटेलात जायचंच तर मी तिथे जाईन. रोजचं म्हणाल तर नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोडच्या गल्ल्यांमध्ये पोळीभाजी केंद्रं भरपूर आहेत, गरम पोळ्या, उसळ, सणाला पुरणपोळी, उकडीचे मोदक, पार्सल घ्या आणि घरी जाऊन खा, पाच जणांच्या हॉटेलच्या बिलाच्या निम्म्यात होतं.

एक जागा सगळे विसरतात, ठाणे पूर्व. कोपरीला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वस्ती आहे, सकाळी दाल पकवान मिळतं तिथे, कुरकुरीत मोठी पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. मिसळीचा कंटाळा आला की एखाद्या सकाळी हे करा. मुलांना तिखट सोसत नसेल तर हे जास्त आवडेल उलट.

आता तुमच्या घराजवळचं. घोडबंदर रोडलाच ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची बाग, एका कुटुंबाने स्वतःच्या जमिनीत त्या त्या फुलपाखराला लागणारी झाडं लावून केलेली. रविवारी सकाळी जायचं असतं, थोडं तिकीट आहे, निघायच्या आधी चालू आहे का बघून घ्या. पाऊस सरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबर सगळ्यात चांगलं. ऊन पडल्याशिवाय फुलपाखरं नीट उडत नाहीत म्हणून अगदी पहाटे पोचून उपयोग नाही. मुलांना नीलवंत शोधायला सांगा, काळं मोठं फुलपाखरू, पंखावर निळी झाक, 2015 मध्ये ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. आणि घरी आल्यावर कुंडीतला कढीपत्ता बघा, पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं तर पुसून टाकू नका, ती फुलपाखराची लहान अळी असू शकते, मोठी झाली की हिरवी होते. आमच्या गॅलरीत मुलाने अळी ते कोष ते फुलपाखरू सगळं बघितलं, शाळेतला धडा त्याला वेगळा शिकवावा लागला नाही.

कोलशेतचं सेंट्रल पार्क पण तुम्हाला जवळ आहे, 2024 ला उघडलं, नाममात्र तिकीट, मुलांना पळायला भरपूर जागा, पण रविवारी संध्याकाळी गर्दी असते, आठवड्यात मधल्या दिवशी जमलं तर बघा. उपवन तलाव संध्याकाळी छान, समोर येऊरचा डोंगर, हवा एकदम बदलते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, म्हणून सकाळी उजेडात जा, मुलांचा हात सोडू नका, मोठ्याने गाणी वगैरे नको. पावसाळ्यात धबधब्यावर बंदी असते ती पाळाच, दरवर्षी कोणीतरी वाहून जातं आणि घरचे आयुष्यभर रडत बसतात. प्लास्टिक तिथे टाकू नका एवढं हात जोडून सांगते.

हिवाळ्यात एकदा थोडे पैसे बाजूला ठेवून ऐरोलीला जा, खाडीतले फ्लेमिंगो बघायला. वनखात्याची बोट असते, भरती-ओहोटीप्रमाणे वेळ ठरते म्हणून आधी बुकिंग करून जायचं. माणशी काहीशे रुपये जातात, त्यामुळे हे वर्षातून एकदाचं. गुलाबी पट्टा लांबून दिसतो आणि बोट जवळ गेली की एकेक पक्षी मान खाली घालून चिखल चाळताना दिसतो, मुलं गप्प होतात. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली आहे.

आणि लोकलचं तिकीट काढून अंबरनाथ. सासूबाई देवळात रमणाऱ्या असतील तर हे नक्की. तिथलं शिवमंदिर शिलाहारांचं, शिलालेखावर शके 982 म्हणजे इ.स. 1060, भिंतींवरचं कोरीवकाम डोळे भरून बघावं असं, आणि गाभारा खाली उतरून जायचा आहे, पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर त्यांना सभामंडपात बसवा. महाशिवरात्रीला जाऊ नका, मुलांसोबत तेवढी गर्दी झेपणार नाही. जाता येता पाच जणांचं लोकलचं भाडं अगदी थोडं होतं.

शेवटी खर्चाचं. स्टेशनवरून घोडबंदरला जाताना शेअर रिक्षाची रांग असते, मुलांना घेऊन बसणं अवघड जातं, त्यापेक्षा बसने जा, स्टेशनला सुरुवातीच्या थांब्यावर चढलात तर बसायला जागा मिळते. पाण्याच्या बाटल्या घरून न्या, सुटे पैसे ठेवा. मिसळ, बाजार, तलावपाळी आणि बसचं भाडं धरून माझ्या हिशोबाने सहा-सातशेत तुमची सकाळ होईल. पहिली सकाळ हीच करा, फुलपाखरं पाऊस सरल्यावर, आणि सासूबाईंना रानभाज्यांचा शौक असेल तर तेवढं कळवा, शेवळं कशी करायची ते मी वेगळं लिहून देते.