उलटा पियानो बनवायचाय, यात करिअर आहे का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती डावखुरी असून लहानपणापासून पियानो शिकते. डावखुऱ्यांसाठी उलटे पियानो डिझाइन करायचे, असं तिने ठरवलंय. हे वेड समजावं की करिअर? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : वेड मुळीच नाही. खर्ज उजवीकडे आणि तारसप्तक डावीकडे असलेले पियानो खरोखर बनले आहेत. इंग्लंडचे डावखुरे पियानोवादक ख्रिस्तोफर सीड यांनी १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या कारागिरांकडून असा फोर्टेपियानो (पियानोचा जुना प्रकार) करून घेतला. पुढे लाइपझिगच्या ब्लूथनर कंपनीनेही उलटा ग्रँड पियानो बनवला.

पण फक्त असे पियानो बनवून पोट भरेल, असं मी सांगणार नाही. ग्रँड पियानोतल्या तारांचा एकूण ताण साधारण २० टन असतो. तो पेलणारी बिडाची फ्रेम उलट्या पियानोसाठी नव्याने ओतावी लागते. एवढं करूनही प्रत्येक सभागृहात वादकाला सुलटाच पियानो मिळणार.

डिजिटल पियानोत मात्र ही अडचण राहत नाही, आणि मला खरी संधी इथेच दिसते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना ‘डी’ या सुराच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. त्यामुळे पट्ट्या न बदलता केवळ सूर उलटवता येतात. मिडीमध्ये, म्हणजे डिजिटल वाद्यांच्या सांकेतिक भाषेत, प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो; मधल्या ‘डी’चा क्रमांक ६२ आहे. दाबलेल्या पट्टीचा क्रमांक १२४मधून वजा केला, की ‘ई’ दाबल्यावर ‘सी’ वाजतो. एवढा छोटा प्रोग्रॅम तिला स्वतः लिहू द्या आणि काही महिने त्यावर वाजवू द्या. इतकी वर्षं सुलटा रियाज झालेल्या हातांना हे सोपं वाटतं का, हे तिला स्वतःला कळायला हवं. अनेक डावखुरे वादक नेहमीच्या पियानोवर उत्तम वाजवतात. त्यांच्याशीही तिने बोलावं.

शिक्षणासाठी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, किंवा यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचं बी.डेस. (डिझाइनची पदवी). हात लाकडात आणि तारांत रमत असतील, तर जर्मनीत पियानो बनवण्याचं साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण आहे. ते कारखान्यात काम करत घ्यायचं, सोबत व्यवसाय-शाळा. लुडविग्सबुर्गची ऑस्कर-वाल्कर शाळा यासाठी प्रसिद्ध आहे. जर्मन मात्र चांगलं यायला हवं. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत, आत्ताच सुरू करा. यातून ट्यूनिंग आणि दुरुस्तीही येते, आणि उलटा पियानो एकही विकला गेला नाही तरी त्या कामावर घर चालतं.

गणित आणि भौतिकशास्त्र बारावीपर्यंत सोडू देऊ नका. यातल्या प्रत्येक वाटेवर ते लागणार आहे.