डाव्या हाताशी बरोबरी

"खेळायचा हात दुसऱ्या हातासारखा फिरत नाही. खांदा खराब झालाय का?" बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की पालकांनी फाइल उघडायच्या आधीच मला कळतं. वेगवान गोलंदाजांचे वडील येतात, भालाफेकवाले येतात, आणि सगळ्यात जास्त बॅडमिंटनवाल्या मुलींच्या आया. एरवी हे काम फिजिओचं. मी मनाचं बघते. माझ्याकडे येतात ती खांदा ठीक असूनही झोप उडालेली मुलं.

रेवा (नाव बदललंय) पंधरा वर्षांची, दांडिया बाजारात राहणारी. सातव्या वर्षापासून हातात रॅकेट. एका शिबिरात सगळ्या मुलांचे खांदे मोजले. उताणं झोपवून, दंड बाजूला आणि कोपर काटकोनात ठेवून हात पायांकडे किती झुकतो आणि डोक्याकडे किती, ते बघतात. पायांकडे, म्हणजे आतल्या बाजूला, उजवा ४८ अंश भरला आणि डावा ६७. त्या १९ अंशांभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता. आईनं घरी येऊन मोबाइलवर शोधलं, '१८ च्या वर धोका' असं वाचलं, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही.

रोज रात्री सरावाहून आल्यावर रेवा उजवा हात पाठीमागून वर न्यायची. अंगठा जिथवर पोचेल तिथे आई टी-शर्टवर टिकली लावायची. मग डावा हात, दुसरी टिकली. दोन टिकल्यांमधलं अंतर टेपनं मोजून वहीत. अंतर वाढलं तर जेवणानंतर हात दाबून दाबून स्ट्रेचिंग. कोर्टावर रेवाचा स्मॅश निम्म्यावर आला होता. कोच गुजराती, साधा माणूस. तो एवढंच म्हणायचा, "हाथ तो चाले छे ने, बेन?"

आजोबांचं म्हणणं वेगळंच. ते आखाड्यातले, उमेदीत जोर-बैठका मारलेले आणि जोडी, म्हणजे दोन्ही हातांत एकेक मुद्गल, फिरवलेले. "शरीर दोन्हीकडून सारखं पाहिजे. आमच्या बडोद्यात हजारे आणि गुल महंमदनी रणजीच्या फायनलला ५७७ ची भागीदारी केली. त्यांचे खांदे मोजायला कुणी गेलं होतं का?" भागीदारी फलंदाजीतली होती, आणि दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध होती. पण मी वाद घातला नाही. १९४७ च्या त्या सामन्यावर बडोद्याच्या माणसाशी वाद घालू नये.

आधी मी रेवाला आमच्या फिजिओकडे पाठवलं. हा क्रम मी कधीच बदलत नाही. शरीराची शंका शिल्लक असताना मनाशी बोलणं म्हणजे लबाडी. तिला दुखत नव्हतं, ताकद चांगली होती. रिपोर्ट बरा आला तरी टिकल्या थांबल्या नाहीत.

मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या पठडीतली. माणूस घटनेनं हलत नाही, घटनेला लावलेल्या अर्थानं हलतो, असं मानणारी. त्यामुळे मी 'घाबरू नकोस' म्हणत नाही. मी तिला तो शिबिराचा कागदच आणायला सांगितला.

"लाल गोलाच्या खाली काय लिहिलंय?"

"ते बाहेरच्या बाजूचं आहे. त्यात प्रॉब्लेम नाही."

"वाच तरी."

"उजवा ११२. डावा ९५."

"आता प्रत्येक हाताची बेरीज कर."

तिनं बोटानं कागदावरच केली. उजवा १६०, डावा १६२. पुन्हा केली. मग म्हणाली, "म्हणजे कमी नाही झालं... सरकलंय."

आई शेजारीच बसली होती. ती पटकन बोलून गेली, "पदर लांब सोडला की निऱ्या कमी पडतात, तसं. साडी तेवढीच."

उपमा त्यांची, पण तेव्हापासून मी ती बिनदिक्कत वापरते.

मी रेवाला आणखी एकच विचारलं. "डाव्या हातानं आजवर किती स्मॅश मारलेस?"

"एकही नाही."

"मग तो हात तुझ्या उजव्याचा मास्तर कसा झाला?"

ती हसली नाही, रडलीही नाही. बराच वेळ दोन्ही तळवे मांडीवर ठेवून बघत राहिली. माझ्या दृष्टीनं काम तिथे झालं. इतके दिवस सगळे १९ या आकड्याशी भांडत होते. गाठ होती ती दोन्ही हात सारखेच असायला हवेत या न तपासलेल्या नियमात, आणि तो नियम घरात आखाड्यातून आला होता. जोडी फिरवणाऱ्याला तो शोभतो. एका हाताच्या खेळाला लावला की रोज नापासच व्हायचं.

आता कारण. जन्मतः दंडाचं हाड मागच्या बाजूला बरंच पिळलेलं असतं आणि वाढत्या वयात तो पीळ हळूहळू सुटतो. लहानपणापासून जोरात फेकणाऱ्या मुलांमध्ये त्या हातातला पीळ कमी सुटतो. म्हणून हात बाहेर जास्त जातो, आत कमी. हाडाचा हा भाग स्ट्रेचिंगनं बदलत नाही. खांद्यामागच्या ताठर स्नायूंचा वाटा बदलतो, तोही हळुवारपणे. शिवाय सराव संपल्यावर आतलं फिरणं काही काळ आणखी घटतं, म्हणजे टिकल्या लावायला या घरानं नेमकी चुकीची वेळ निवडली होती. खेळणारा खांदा किंचित खाली उतरलेला दिसतो, तेही बहुधा सवयीचंच.

मग काळजी कधी करायची? दुसऱ्या हाताच्या तुलनेत बेरजेतच पाच अंशांहून जास्त तूट आली तर. फटक्याच्या वेळी किंवा रात्री कुशीवर झोपल्यावर दुखलं, खांदा निसटल्यासारखा वाटला, हाताला मुंग्या आल्या, तर आकडे बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे. वाढीच्या वयातल्या मुलाचा दंड वरच्या टोकाला दुखत असेल तर 'ताण देऊन मोकळा कर' असं कुणाचंही ऐकू नका. तिथे हाड अजून वाढत असतं, त्याला विश्रांती लागते. ताकदीचंही बघून घ्या. हात बाहेर फिरवणारे स्नायू आत फिरवणाऱ्यांच्या निदान दोन तृतीयांश ताकदीचे हवेत. आणि मोजायचं तर महिन्यातून एकदा, एकाच माणसानं, सरावाआधी. मोजणारा बदलला की चारपाच अंश इकडेतिकडे होतातच.

आईला टिकल्या सोडणं रेवापेक्षा जड गेलं. आम्ही रोजची मोजणी आधी आठवड्यावर आणली, मग फिजिओच्या वहीत ढकलली. न मोजता झोपायच्या पहिल्या रात्री त्यांचा मला फोन आला होता. मी फक्त ऐकून घेतलं. आश्वासन दिलं असतं तर उद्यापासून टेपच्या जागी मी आले असते.

रेवा आता पूर्ण ताकदीनं मारते, हरतेही. आजोबांनी तिला जोडी शिकवायची म्हणून हट्ट धरलाय. फिजिओ म्हणतो, हलकी असेल आणि दुखत नसेल तर हरकत नाही. हलकी म्हणजे किती, यावर दोघांची हुज्जत चालू आहे.