जायफळ फुलतं पण धरत नाही, काय करू?

प्रश्न : आमच्या वाडीत सुपारीच्या सावलीत बाबांनी बी रुजवून जायफळाची चार झाडं केली, आता नऊ वर्षं झाली. दोघांना फळं येतात, दोन नुसतीच फुलतात. खत कमी पडतंय का? आणि फांदी छाटली की लालसर पाणी गळतं, रोग आहे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : खताचा काही संबंध नाही हो, ती दोन झाडं नर आहेत! पपईसारखंच, नर वेगळा मादी वेगळी, आणि बियांपासून केलं की साधारण निम्मे नर निघतात, ते पण फुलं आल्यावरच कळतं. खात्री करायची तर एक फूल ब्लेडने उभं चिरून बघा, आत मधोमध बारीक दांडा दिसला तर नर, खाली फुगीर पोट असेल तर मादी. नराची फुलं घोसात येतात, मादीची एकेकटी किंवा दोन-तीन.

लाल पाण्याचं टेन्शन घेऊ नका, हा या अख्ख्या कुळाचाच गुण आहे, मिरिस्टिकेसी म्हणतात या कुळाला, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली यांची भावंडं पण साल कापली की अशीच लाल गळतात. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, पण याचे जंगली भाऊबंद आपल्याकडेही आहेत, दोडामार्गच्या बांबर्डेत आणि गोव्यात सत्तरीला बारमाही पाण्यात उभ्या देवराया आहेत, तिथे काही झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर येतात. एकदा जाऊन बघाच. बाजारात जायपत्रीत भेसळ होते ती रामपत्री पण याच कुळातली, दिसायला लांबट आणि वासाला अगदीच फिकी.

आता झाडांचं. दोन्ही नर तोडू नका, परागासाठी एक लागतोच, दहा माद्यांना एक नर पुरतो म्हणतात. दुसऱ्याचा शेंडा उतरवा, खोडावर सरळ वर जाणारे फुटवे येतील, त्यांच्यावर तुमच्याच चांगल्या मादीचा डोळा भरा, म्हणजे तिच्या फुटीवरची कळी सालीसकट काढून या फुटव्याच्या सालीत बसवा. डोळा मात्र उभ्या फुटीचाच घ्या, आडव्या फांदीचा घेतलात तर झाड झुडपासारखं पसरत बसतं. पहिल्यांदा करताय तर जवळच्या नर्सरीतल्या कलमवाल्याला बोलवा, उगाच फुटवे वाया जातील.

आणि त्या दोन माद्यांच्या फळांची सालं फेकून देत असाल तर थांबा, लोणचं मस्त होतं त्याचं.