आवाज मेल्यासारखा येतो

"मॅडम, त्याचा आवाज मेल्यासारखा येतो."

काकू खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलल्या. जुलैचा महिना, बाहेर पाऊस. येताना रामकुंडावर थांबून दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते दोघं बघून आले होते, म्हणून उशीर झाला. काका दाराशीच छत्री झटकत उभे होते. पिंपळगाव बसवंतच्या बाजूची द्राक्षबाग. एकुलता एक मुलगा फेब्रुवारीत टास्मानियाला शिकायला गेलेला.

नाशिकला गंगापूर रोडवर समुपदेशक म्हणून बसून मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न ऐकते: मूल परदेशात गेलं, फोनवर 'ठीक आहे' याच्या पुढं काही बोलत नाही, मग आम्ही काय समजायचं? म्हणून ही एक हकिगत लिहितेय, तिघांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, आकारानं जवळपास श्रीलंकेएवढं. वस्ती मात्र पावणेसहा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची जवळपास 15 लाख होती. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मग एवढ्या जागेत पोरगं बोलतं तरी कोणाशी?" खरं तर नेमका प्रश्न तोच होता, पण मला तेव्हा तो कळला नाही.

तिथंच का पाठवलं, तर एजंटनं सुचवलं म्हणून. व्हिसाच्या नियमांत सगळा टास्मानिया 'रीजनल', म्हणजे मोठ्या महानगरांबाहेरचा भाग, धरला जातो, शिक्षणानंतर राहण्याच्या दृष्टीनं ते फायद्याचं पडतं. बागेवर कर्ज काढून फी भरली. "पोरानं आमच्यासारखं बागेत उतरू नये, एवढंच," काका म्हणाले. बोलता बोलता निघालेलं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, ते बरं केलं.

"तुम्ही फोन कधी करता?"

"जेवणं आवरली, मालिका संपली, की साडेनऊला."

मी कागदावर हिशेब मांडला. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, टास्मानियाच्या राजधानीचं, होबार्टचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं असतं. म्हणजे रात्रीचे दोन. पाच महिने ही माउली रोज पोराला अर्ध्या रात्री उठवत होती, आणि तो बिचारा उठत होता. आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात मी गाफील राहिले. प्रश्न घड्याळाचाच आहे असं समजून मी सांगून टाकलं, दुपारी दीडला फोन करा, तिकडं संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, आणि शक्यतो व्हिडिओ कॉल करा, रोज.

माझा हा सल्ला चुकला. आठवडाभरात मुलानं फोन उचलणंच बंद केलं. नंतर 'लेक्चर होतं' असा मेसेज. जुलैच्या सुट्टीत कसलं लेक्चर?

काकूंच्या मनात आता काय काय येत होतं ते लिहीत नाही, आयांना ठाऊक असतं. माझा नंबर मुलाला पाठवा म्हटलं, पण त्याच्यावर जबरदस्ती करू नका. बारा दिवसांनी त्याचा फोन आला, तोही फक्त आवाजाचा.

पहिला अर्धा तास तो थंडीबद्दलच बोलला. निफाडच्या थंडीत वाढलेला मुलगा, त्याला थंडीचं अप्रूप नव्हतं. पण निफाडची थंडी सकाळी नऊला ऊन आलं की पळते, ही घरातच मुक्कामाला असते. चौघांत मिळून भाड्याचं जुनं घर. हीटर किती वेळ चालवायचा यावर वाद, कारण विजेचं बिल. सकाळी खिडकीच्या काचेवरून आतून पाणी ओघळतं. उजाडायला साडेसात-पावणेआठ आणि जूनमध्ये पावणेपाचलाच अंधार. पाचला बहुतेक दुकानं बंद. "आपल्याकडं सहाला तर कॉलेज रोड जागा होतो मॅडम." गावामागच्या डोंगरावर बर्फ पडला, की पहिल्या दिवशी सगळे फोटो काढतात. दुसऱ्या दिवसापासून तो नुसता वारा पाठवतो.

मग तो म्हणाला, "इथून कुठं निघून जाता येत नाही." नाशिकला जीव कोंडला तर माणूस सीबीएस बसस्टँडला जाऊन समोर येईल त्या एसटीत बसतो. तिथं चहूकडं समुद्र. मेलबर्नला जायचं तर विमान, नाहीतर बेटाच्या उत्तर टोकाला जाऊन बोट पकडायची. जायचं नसतंच त्याला कुठं. पण जाता येतं हे माहीत असणं वेगळं.

मी नेहमीचं विचारलं. झोप किती, जेवण काय, वर्ग बुडतात का, आंघोळ-कपडे वेळेवर होतात का, पूर्वी आवडायचं त्यातलं काय सुटलं. आणि सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का? हा प्रश्न विचारला म्हणजे डोक्यात तसलं काही भरतं ही भीती निराधार आहे, उलट विचारल्यानं मुलांना हायसं वाटतं. आईबापांनीही तो विचारावा. याचं उत्तर 'हो' किंवा नुसती शांतता आलं, किंवा झोप-जेवण-वर्ग हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं दिसलं, तर वाट बघू नये. ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा 13 11 14 हा नंबर चोवीस तास चालतो, विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशक असतात. आणि इकडं घाबरलेल्या पालकांसाठी टेली-मानसचा 14416 आहे.

तो म्हणाला, "मरावंसं नाही वाटत. फक्त पप्पांना दिसू नये असं वाटतं."

"काय दिसू नये?"

"हात."

होबार्टपासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या एका वाइनच्या द्राक्षबागेत तो छाटणीला जात होता. विद्यार्थी व्हिसावर शिकवणी चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, सुट्टीत ती मर्यादा नसते, म्हणून सुट्टीत रोज. घरातली नेपाळी मुलं जुनी गाडी घेऊन जायची, पेट्रोलचे पैसे वाटून. कात्रीनं तळहाताला फोड, थंडीनं बोटं फाटलेली. आणि मी शहाणीनं सांगितलेली वेळ सहाची, म्हणजे तो चिखलाच्या कपड्यांत नुकता घरात शिरतो ती!

मी काकूंना यातलं काही सांगितलं नाही. ते त्याचं होतं. 'तो सुरक्षित आहे, माझ्याशी बोलतोय' एवढंच कळवलं आणि त्याला म्हटलं, सेमिस्टर सुरू व्हायच्या आत तू सांग, कसं ते तू ठरव.

त्यानं शब्दांत सांगितलंच नाही. पप्पांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला: गोठलेल्या दवानं पांढऱ्या पडलेल्या वेलींची रांग आणि कडेला हातमोजा घातलेला एक हात.

चार दिवसांनी काका एकटे आले. छत्री झटकली नाही, तशीच आत आणली. "मजुरीच करायची होती तर इथं काय वाईट होतं? आमच्याकडं माणूस मिळत नाही म्हणून आम्ही पेठ-सुरगाण्याहून टोळ्या आणतो. आणि माझा पोरगा तिकडं लोकांच्या बागेत…" पुढचं बोलवेना.

मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर काहीतरी बोलू लागले. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. योग्यच केलं. टोळीतल्या माणसांना आपण ज्या नजरेनं बघतो तीच नजर उद्या आपल्या पोरावर पडणार, हे त्यांना टोचत होतं, आणि माझ्या दोन वाक्यांनी ते जाणार नव्हतं. मी गप्प बसले. मग म्हटलं, फोटो मला दाखवता?

त्यांनी दाखवला. बोटांनी मोठा केला. बघता बघता चष्मा पुसला.

"पान नाही एक," ते म्हणाले. "थंडीत वेल झोपते तिकडं. ऐकलं होतं, बघितलं आज." मग मला समजावायला लागले. आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमध्ये काड्या तयार करायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. "आम्ही वेलीला झोपूच देत नाही मॅडम." पुन्हा फोटोत शिरले. "दोनच काड्या ठेवल्या आणि बाकी सगळं साफ? डोळे मोजले का यांनी?" डोळे म्हणजे काडीवरचे, जिथून नवी फूट येते ते.

"विचारा ना त्याला."

पावणेबारा वाजले होते, म्हणजे तिकडं सव्वाचार. काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. "काडीवर किती डोळे ठेवता रे?" पलीकडं क्षणभर काहीच नाही, आणि मग तो जो सुरू झाला तो वीस मिनिटं. काडी वाकवून तारेला कशी बांधतात, ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा पसरलेला कायमचा फाटा, आपल्यासारखा का ठेवत नाहीत, वसंतात दव गोठलं तर कोवळी फूट जळू नये म्हणून मोठे पंखे कसे फिरवतात. "आपण शेकोट्या पेटवतो तसं," काका मला मध्येच म्हणाले. त्या वीस मिनिटांत माझं काही काम नव्हतं. फी मी त्यांचीही घेतली.

'ठीक आहेस ना?' या प्रश्नाला मुलं 'ठीक' म्हणतात, कारण दुसरं उत्तर दिलं तर आपल्यालाच झेपणार नाही हे त्यांना माहीत असतं. काडीवर डोळे किती, या प्रश्नाला लपवण्यासारखं काही नसतं. प्रत्येक घरात अशी बाग नसते हे मान्य. पण बस किती वाजता असते, शेजारच्या खोलीत कोण राहतं, आज कांदा काय भावानं आणलास, हे कोणालाही विचारता येतं.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पहिल्या सेमिस्टरला तो एका विषयात नापास झालाय, हे नंतर निघालं. कर्जाचा हप्ता आहे तिथंच आहे. काकांनी भावकीत अजून 'पार्टटाइम ऑफिसात' असंच सांगून ठेवलंय, आणि मी त्यावर वाद घातला नाही. तो आता विद्यापीठातल्या समुपदेशकाकडं जातो, इंग्रजीत रडता येत नाही अशी त्याची तक्रार आहे.

काकू मात्र रुसल्या. "बापलेक डोळे मोजत बसतात, मला काय कळतं त्यातलं?" त्यांना म्हटलं, तुम्ही स्वयंपाकाचं विचारा. शुक्रवारी घरातले चौघं एकत्र रांधतात, त्यांचा दाल-भात, याचं पिठलं. पिठलं गुठळ्यांचं होत होतं. आता शुक्रवारी दुपारी काकू फोन समोर ठेवून इथून सूचना देतात आणि ती नेपाळी पोरंही त्यांना 'आई' म्हणतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. काका गोडी छाटणीत, म्हणून स्वतःच लावलेला.

"मॅडम, तिकडं कालपासून घड्याळ एक तास पुढं नेलंय म्हणे. सरकारनंच. मग मी आता फोन कधी लावायचा?"