शेवटचा स्वार कुठे आहे?

प्रिय मित्रा,

तुझ्या माउंटन बाइक शर्यतीचा आराखडा दोनदा वाचला. फिनिशची कमान, बक्षिसं, लाउडस्पीकर, फोटोग्राफर, सगळं आहे. पडलेल्या माणसाचा स्ट्रेचर ट्रॅकवरून अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत कुठल्या वाटेनं येणार, एवढंच नाही. तिथूनच सुरुवात कर.

आधी सगळा ट्रॅक पायी चाल. सायकलवर बसून रॉक गार्डन, म्हणजे दगडाधोंड्यांचा पट्टा, मजेचं वाटतं. चौघांनी मिळून जखमी माणूस उचलून न्यायचाय असं मनाशी धरून चाललास की तोच उतार वेगळा दिसतो. जिथून स्ट्रेचर निघत नाही, तिथे मोठा ड्रॉप, म्हणजे सायकलसकट खाली उतरायची उंच पायरी, ठेवायचाच नाही, मग फोटो कितीही झकास येणार असोत. ड्रॉप ठेवलासच, तर शेजारून एक सोपी पण लांबची वाट काढून दे. नवख्यांना वेळ गमावून सुखरूप उतरता आलं पाहिजे.

चालताना मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या माणसांच्या, जागा ठरव आणि प्रत्येक जागेला नंबर दे. ‘मोठ्या झाडापाशी पडलाय’ या निरोपाचा कुणालाच उपयोग नसतो. ‘मार्शल नऊच्या खाली’ म्हटलं की डॉक्टर धावत सुटतो. अवघड उतारावर एका मार्शलला पुढचा दिसलाच पाहिजे. पिवळा झेंडा हलला की स्वारांनी वेग कमी करायचा, लाल दिसला की थांबायचं, आणि हे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांना सांगायचं.

पहिल्याच वर्षी साठ किलोमीटरची मॅरेथॉन, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल शर्यत, नको. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली क्रॉस-कंट्री शर्यत छोट्या फेऱ्यांची असते, साधारण चार ते सहा किलोमीटरच्या. प्रेक्षकांना स्वार पुन्हा पुन्हा दिसतात हा एक फायदा. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा: थोड्या मार्शलांत भागतं आणि कुणी गायब झाला तर एका फेरीच्या आत कळतं. आंतरराष्ट्रीय शर्यतीत ८० टक्क्यांचा नियम आहे. आघाडीच्या स्वाराची पहिली फेरी १५ मिनिटांची झाली, तर १२ मिनिटं मागे पडलेल्याला बाहेर काढतात. हौशी लोकांना तू तो लावू नकोस, हिरमुसतात बिचारे. ठरावीक वेळेनंतर नवी फेरी सुरू करता येणार नाही, एवढं पुरे.

आता मोजणीचं. इथे मी स्वतः आपटलोय. एका वर्षी शर्यत संपली, सगळ्यांच्या मागून येणारा स्वीप परतला, आणि यादीत एक नंबर उरला. अंधार पडेपर्यंत टॉर्च घेऊन आम्ही झुडपं धुंडाळली. तो गडी टायर पंक्चर झाल्यावर आडवाटेनं बाहेर पडून घरी जाऊन झोपला होता! राग त्याचा आला, पण चूक आमची होती. शर्यत सोडताना कुणाला तरी सांगायचं असतं, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. शिवाय आम्ही नोंदणीची यादी धरून बसलो होतो. नाव नोंदवलेले सगळेच काही सुरुवातीच्या रेषेवर येत नाहीत. म्हणून सुटायच्या आधी रेषेवरचे नंबर टिपून घे. टायमिंग चिप असली तरी एक माणूस वही घेऊन बसव. चिप बंद पडते, वही पडत नाही. बिबच्या, म्हणजे स्वाराच्या नंबरपट्टीच्या, मागे घरच्यांचा फोन नंबर लिहून घे. आणि वहीतला शेवटचा नंबर खोडला जाईपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स सोडू नकोस. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे.

बक्षीस समारंभाबद्दल काही सांगत नाही, तो कसाही होतो.

पावसाचं मात्र आधीच ठरवून ठेव. चिकणमातीच्या ओल्या वाटेवरून शंभर सायकली गेल्या की चर पडतात, पुढचं पाणी त्याच चरांतून धावतं आणि वाट खचते. शर्यत पुढे ढकलायचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता, हे लिहून काढ. त्या दिवशी ऐनवेळी चर्चा नको. टेप आणि बाणांच्या पाट्या त्याच संध्याकाळी काढायच्या, त्यासाठी चार ताजीतवानी माणसं राखून ठेव. सकाळपासून राबलेली हात लावत नाहीत.

माझे वॉकीटॉकी घेऊन जा. दोन सेटच्या बॅटऱ्या दुपारनंतर मान टाकतात, त्यांच्यावर लाल खूण केली आहे. ते पार्किंगवाल्यांना दे.

तुझा,
काका